लोणारची धार की ‘वॉटरफॉल’?

मेहकरहून लोणारच्या एसटीत बसलं की कानावर अस्सल वऱ्हाडी पडते. ‘एकलीच चालली का वं माय, लोणारले?’ शेजारीण विचारते. ‘हाय आंटी’त हा जिव्हाळा कुठला, मैत्रिणींनो?

तळ्याच्या काठी मात्र भाषाच बदलते. गोमुखातून पडणारी धार आता ‘वॉटरफॉल’, कडा म्हणजे ‘व्ह्यू पॉइंट’, आणि जो तो ‘एन्जॉय करून राहिला’! (क्रियापद तेवढं वऱ्हाडी उरलंय, हे नशीबच.) सहलीला आलेल्या पोरींना विवर म्हटलं तर कळत नाही, ‘क्रेटर’ म्हणावं लागतं. अशनी आदळून काळ्या बेसाल्टात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. लोकांनी त्यात लवणासुर पाहिला, गावाच्या नावातही लवण आलं. जून २०२० मध्ये खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं, तर लगेच ‘पिंक लेक’! गुलाबी म्हणायला काय जीभ अडखळते?

खाली उतरलात तर सासू-सुनेची विहीर चुकवू नका. एका बाजूचं पाणी गोड, दुसरीचं खारट, असं सांगतात. हिचं ‘मदर-इन-लॉ वेल’ अजून कुणी केलेलं नाही. कुठली बाजू कुणाची, ते ज्या त्या घरानं ठरवावं.