उबेचे वेळापत्रक

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मिनिआपोलिस शहरात, जेथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर तापविल्यावाचून राहणे अशक्य असते आणि जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरला तरी कोणास त्याचे नवल वाटत नाही, तेथे घरे उबदार ठेवणाऱ्या यंत्रांची उभारणी व देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात नाना प्रकारच्या फर्नेस आणि बॉयलर हाताखालून गेले. तथापि ज्या वस्तूविषयी मला सर्वांत अधिक आस्था वाटत आली आहे, ती दिवाणखान्याच्या भिंतीवर बसविलेली, तळहातात मावेल एवढी थर्मोस्टॅट नावाची पेटी होय. तळघरातील फर्नेस कितीही मातबर असली तरी ती आपल्या बुद्धीने काही करीत नाही. पेट म्हणताच पेटते, थांब म्हणताच थांबते, आणि हे दोन हुकूम सोडण्याचा अख्त्यार सर्वस्वी या पेटीकडे असतो. या हुकमांना दिवसाच्या वेळा मुक्रर करून देता आल्या म्हणजे पेटीस प्रोग्रॅमेबल म्हणतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, या वेळा घरातील माणसांच्या खऱ्या दिनक्रमाशी जुळविलेल्या नसतील, तर यंत्र कितीही किमती असो, त्यापासून ना पैशाची बचत होते, ना जिवास स्वास्थ्य लाभते.

या पेटीचा पूर्वेतिहास आमच्याच प्रदेशातला आहे. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्या काळी शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून हिंडून तापमान पाही आणि मग तळघरात उतरून भट्टीची झडप कमीजास्त करी. शिकविणे चालू असता होणारा हा व्यत्यय टळावा म्हणून जॉन्सन यांनी खोलीच्या तापमानाची वर्दी विजेच्या घंटेने तळघरात पोहोचविणारे यंत्र तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे दोनच वर्षांनी मिनिआपोलिस येथे अल्बर्ट बुट्झ या मूळच्या स्विस संशोधकाने अशी व्यवस्था केली की, खोली गार होताच एका मोटरीने भट्टीची झडप आपोआप उघडावी, कोळशास वारा मिळावा, आणि खोली तापताच तीच झडप मिटावी. १९०६ मध्ये याच शहरात, बुट्झ यांच्या शोधावर उभ्या राहिलेल्या कंपनीने थर्मोस्टॅटला घड्याळ जोडले, जे रात्री तापमान उतरवी आणि पहाटे माणसे उठण्यापूर्वी ते चढवी. आज ज्यास आपण अत्याधुनिक म्हणून नावाजतो, ती कल्पना अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस यांच्या आराखड्यानुसार बाजारात आणलेला वाटोळा थर्मोस्टॅट जुन्या घरांतून अद्यापही आढळतो, आणि त्याचे झाकण काढून आत पाहण्याचा योग ज्यास आला असेल त्याने ते दृश्य अवश्य निरखावे. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जखडून केलेली एक गुंडाळी तेथे असते. उष्णतेने दोन्ही धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्यामुळे गुंडाळी हळूहळू वळते, तिच्या टोकाची काचेची कुपी कलंडते, आणि कुपीतला पाऱ्याचा थेंब घरंगळून दोन तारांची टोके जोडतो किंवा तोडतो. शेजारी विजेची एक बारीक तार असते, जी फर्नेस चालू असेतोवर गुंडाळीस किंचित ऊब देते, जेणेकरून खोली पूर्ण तापण्याच्या थोडे अगोदरच जाळ विझावा आणि भट्टीत व हवेच्या नळांत उरलेल्या उष्णतेने राहिलेली कसर भरून निघावी. यंत्राने पुढचे ओळखून वागावे याची इतक्या थोडक्या साधनांत केलेली तजवीज मी अन्यत्र पाहिलेली नाही. मात्र असा थर्मोस्टॅट काढला तर तो कचऱ्यात टाकू नये. आतला पारा विषारी असून तो परत घेणाऱ्या केंद्राकडेच सोपवावा.

तापमान काही तास उतरविल्याने इंधन वाचते की नाही, याविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे. घर एकदा गार झाले की ते पुन्हा तापविण्यास अधिक वायू जळतो, सबब दिवसरात्र एकच तापमान ठेवावे, असे पुष्कळांचे मत असते. वस्तुतः घरातून बाहेर निसटणाऱ्या उष्णतेचे मान आतल्या व बाहेरच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. गळका हौद जितका अधिक भरलेला तितकी त्याची गळती जोराची, तसेच हे आहे. घर जितके तास गार राहिले तितके तास गळती मंदावलेली होती. पुन्हा तापविताना जो वायू लागतो तो गार होताना वाचलेल्या वायूची केवळ परतफेड असते, आणि मधल्या तासांतली बचत पदरात राहते. दररोज आठ तास तापमान सात ते दहा अंश फॅरनहाइटने उतरविल्यास वर्षाकाठी दहा टक्क्यांपर्यंत खर्च वाचू शकतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. १९७७ च्या फेब्रुवारीत, नैसर्गिक वायूची टंचाई असता, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी कार्डिगन घालून केलेल्या भाषणात दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ आणि १३ अंश सेल्सिअस, एवढेच तापमान ठेवण्याचे आवाहन जनतेस केले होते, त्यामागेही हेच शास्त्र होते.

शास्त्र निर्दोष असूनही व्यवहार त्यास साथ देईना. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटना दिले जाणारे ‘एनर्जी स्टार’ हे सरकारी मानचिन्ह २००९ च्या अखेरीस काढून घेण्यात आले, कारण कागदावर दिसणारी बचत घरोघरच्या बिलांत दिसून येत नव्हती. माझ्या अनुभवास येणारे कारण असे : पेटी विकत घेतली जाते, भिंतीवर बसते, कारखान्यातून भरून आलेल्या वेळा तशाच राहतात, त्या वेळी-अवेळी घर गार करतात, आणि वैतागलेला गृहस्थ ‘होल्ड’ नावाचे बटण दाबून सर्व वेळापत्रक कायमचे तहकूब करतो. त्यात आणखी एका समजुतीची भर पडते. विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ साली दाखवून दिले की, कित्येक लोक थर्मोस्टॅटला जाळ लहानमोठा करणारी कळ समजतात. थंडी वाजली की आकडा ऐंशीवर नेतात, घर लवकर तापेल या आशेने. सामान्य फर्नेस ठरल्या जोमानेच जळते. आकडा वर नेल्याने ती लवकर नव्हे, केवळ अधिक वेळ जळते.

काही वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबाकडून मला बोलावणे आले. पतिपत्नी दोघेही नोकरीस जाणारी, आणि नातवाच्या जन्मानिमित्त पुण्याहून आलेले आजीआजोबा घरी. फर्नेस दिवसा बिघडते, एवढीच तक्रार मला कळविण्यात आली होती. सकाळी अकराच्या सुमारास गेलो तेव्हा आजोबा कानटोपी घालून बसले होते आणि आजी बाळास शालीत घेऊन स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूस उभ्या होत्या. “अहो, पहाटे चांगली ऊब असते,” आजोबा म्हणाले, “ही दोघं बाहेर पडली की तासाभरात हुडहुडी भरते, आणि संध्याकाळी ती परत यायच्या आत पुन्हा सगळं ठीक. मुलाला सांगतो, तर त्याला सुट्टीच्या दिवशी घर गरमच दिसतं!” भिंतीवरच्या पेटीत पाहिले. नातवंड होण्यापूर्वी भरलेल्या वेळा त्यात तशाच होत्या : आठ ते पाच घर रिकामे, तापमान ६२ अंश, म्हणजे सुमारे १७ सेल्सिअस. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता. ज्या घराचे वेळापत्रक ते पाळीत होते, ते घर आता राहिले नव्हते.

त्या सायंकाळी सर्वांस मेजाभोवती बसवून मी विचारपूस केली. आजी पाचास उठून स्नान करीत, दुपारी आजोबांची झोप होई, बाळाचे जागरण रात्री दोनला. त्यानुसार पहाटे साडेचारपासून रात्री दहापर्यंत ७० अंश आणि रात्री ६७, एवढाच फरक ठेवला. कारण वृद्धांच्या शरीरातील उष्णता नकळत घटते आणि ६८ अंशांखाली, म्हणजे २० सेल्सिअसखाली, त्यांचे दिवसाचे घर जाऊ देणे धोक्याचे असते. बचत थोडी कमी होईल, हे मी मुलास स्पष्ट सांगितले, आणि त्याने ते मान्य केले. आजोबांस मात्र एक बटण मुद्दाम शिकविले : तात्पुरती वाढ करण्याचे, जिचा अंमल पुढची नेमलेली वेळ येताच आपोआप संपतो.

बसविण्याच्या कामात दोन-तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. मुख्य पेटीतून वीज बंद केल्यावाचून तारांस हात लावू नये. जुन्या तारा सोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि रंगावर न विसंबता कोणती तार कोणत्या अक्षराच्या खुंटीस होती ते पाहावे : आर म्हणजे चोवीस व्होल्टचा पुरवठा, डब्ल्यू म्हणजे तापविण्याचा हुकूम, आणि सी म्हणजे परतीची तार, जी वायफायच्या बहुतेक यंत्रांस लागते. पेटी आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, ऊन, दिवा आणि हवेचा झोत यांपासून दूर असावी. तारा ज्या छिद्रातून बाहेर येतात ते छिद्र पुटीने बुजविणे हे तर मी कधीच चुकवीत नाही; भिंतीच्या पोकळीतला गार वारा त्यातून येऊन पेटीच्या पाठीस लागला की, ऊबदार खोलीतही तिला थंडी असल्याचा भास होतो आणि फर्नेस विनाकारण जळत राहते. तापविण्याचे साधन कोणते, हेही पेटीस सांगावे लागते. गरम पाण्याच्या बॉयलरला तासाला तीनच फेऱ्या पुरतात, साध्या वायूच्या फर्नेसला पाच. ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांनी मात्र तापमान फार उतरवू नये, कारण ते एकदम चढविताना विजेची महागडी पूरक शेगडी पेटते आणि रात्रीची बचत पहाटे खर्ची पडते. हिवाळ्यात मायदेशी जाणाऱ्यांनी घर ५५ अंशांखाली कधीही जाऊ देऊ नये. बाहेरच्या भिंतींतले पाण्याचे नळ गोठून फुटतात.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासाने मागे जातात, आणि दिवाळी बहुधा त्याच्याच आगेमागे येते. त्या सुट्टीत एक अर्धा तास काढून थर्मोस्टॅटचे घड्याळ तपासावे, बॅटरी असल्यास बदलावी, फर्नेसची गाळणी पाहावी, ‘होल्ड’ सोडवावे, आणि मुख्य म्हणजे घरात यंदा कोण केव्हा उठते, कोण दिवसा घरी असते, हे प्रत्येकास विचारूनच वेळा नव्याने भराव्यात, एवढी माझी वाचकांस विनंती आहे.