माणदेशातला मापसायेब

माणदेश म्हणजे पावसाने वाट चुकवलेला मुलूख. सह्याद्री ढग अडवून धरतो आणि पलीकडच्या माणगंगेच्या वाट्याला बहुधा वाळूच येते. पोटासाठी गाव सोडणे इथल्या माणसाला नवे नाही. पण 1972-73 साली जायचे तरी कुठे? अर्धा महाराष्ट्र होरपळत होता. मे 1973 मध्ये राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर राबत होती.

अशाच एका पाझर तलावाच्या कामावर मी देखरेखीला होतो. हाती टेप आणि काखेत हजेरीपट. लोक मला 'मापसायेब' म्हणत.

मजुरी नुसत्या हजेरीवर नसे. खणलेल्या खड्ड्याचे माप निघे आणि त्यावर पैसे ठरत. कागदावर हे मोठे न्यायाचे दिसते. पण जमीन का सगळीकडे सारखी असते? एका टोळीला भुसभुशीत माती लागे, तर शेजारच्या टोळीला वीतभर खाली मुरूम. मुरुमाला दर जास्त होता खरा. मात्र वहीत 'मुरूम' लिहिले, की वरचे साहेब डोळ्यांनी पाहून जाईपर्यंत पगार अडे.

एका म्हातारीने मला काठावरच अडवले. "सायेब, वरनं बगू नगा. खाली उतरा आन् टिकाव मारून बगा."

उतरलो. टिकाव खणकन उलटला आणि मनगटाला झिणझिण्या आल्या.

"आजी, मुरूम लिहितो. पण पगाराला चार दिवस उशीर लागेल, चालेल?"

"चार दिस उधारीवर काढू. पर माप खरं लिवा."

त्या टोळीत गावच्या पाटलांची सूनही होती, डोक्यावरचा पदर ढळू न देता पाट्या वाहणारी. दुष्काळाने सगळ्यांना एका रांगेत बसवले, असे शहरात आपण हौसेने म्हणतो. पाण्याच्या पिंपापाशी रांगा दोनच होत्या, हेही सांगितले पाहिजे.

सुटीच्या दिवशी मी म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव पाहून आलो. तोही एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळी कामातूनच उभा राहिलेला. म्हणजे या मुलखात आज्यापणज्यांनीही अशाच पाट्या वाहिल्या होत्या, साहेब तेवढे गोरे होते. मागेल त्याला काम मिळावे, हा विचार वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात 1965 मध्येच करून पाहिला होता. रोजगार हमीचा कायदा व्हायला 1977 साल उजाडले.

असो. साहेब आले, खड्ड्यात डोकावले आणि त्यांनी सही केली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पगार झाला. आजीने अंगठा उठवला, नोटा तीनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या.

"काय घेणार उद्या?" मी विचारले.

"त्यो लाल मिलो खाऊन जीव इटलाय बगा," ती म्हणाली. "ईल तेवडी जुंधळंच घेनार."