तानसेनाची चिंच

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात महंमद गौस यांचा भव्य मकबरा आहे. चहूबाजूंच्या दगडी जाळ्या इतक्या नाजूक की येणारे बहुतेक लोक तिथेच फोटो काढत रेंगाळतात. खरी गंमत शेजारी आहे. उघड्या चौथऱ्यावर, खांबांच्या छोट्या मंडपाखाली तानसेनाची समाधी, आणि तिच्याजवळ चिंचेचं झाड. मूळ झाड कधीच गेलं, हे नंतरचं. याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा.

आपल्याकडे नेमकं उलटं. गाणं शिकणाऱ्या मुलाला पहिली ताकीद मिळते, "चिंच खाऊ नकोस, घसा धरेल!" बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, चिंचेचा पाला मात्र तिकडेच राहिला.

मग खरं कोण? आयुर्वेद कच्च्या आणि पिकलेल्या चिंचेत फरक करतो. कच्ची पित्त-कफ वाढवते, पिकलेली भूक वाढवते आणि पोट साफ करते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून पिकल्या चिंचेचं गूळ घातलेलं पन्हं पितात, ते उगाच नाही. आणि आपलं अळूचं फदफदं आठवा. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. आजी चिंचेचा कोळ घातल्याशिवाय अळू शिजवत नाही, अळुवडीच्या पिठातही तो हवाच. म्हणजे घसा बिघडवते म्हणून जिची बदनामी, तीच इथे घसा सांभाळते!

पाल्याने सूर लागतो यावर माझा काही विश्वास नाही. आंबट पानाने तोंडाला पाणी सुटतं, कोरडा घसा ओला होतो, एवढं मी मान्य करीन. बाकी काम रियाजाचं.

जायचं तर डिसेंबरात, तानसेन समारोहाला जा. सकाळी समाधीपाशी सनई होते, ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि मिलादही होतो. रात्रीच्या मैफलींपेक्षा मला ही सकाळ जास्त आवडते. फक्त झाडाला हात लावू नका. येणाऱ्या प्रत्येकाने एकेक डहाळी ओरबाडली तर हेही झाड फार टिकायचं नाही. कोवळा पाला चाखायचाच असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला हैदराबादच्या नातेवाइकांकडे जा. तिथे चिगूर बाजारात विकायला येतो, वरणात पडतो, आणि मटणात तर असा लागतो की दुसऱ्यांदा वाढा म्हणावंच लागतं.