डॅट फाइलमधले स्नेहसंमेलन

शाळेच्या कपाटातील जुन्या स्नेहसंमेलनांच्या अकरा सीडी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या. आम्ही म्हणजे दोन शिक्षिका आणि चार माजी विद्यार्थी. इंदूरला त्या वर्षांत लग्न असो, मुंज असो की शाळेचे गॅदरिंग, व्हिडिओवाले शेवटी हातात व्हीसीडीच ठेवत. आता बहुतेक नव्या संगणकांना सीडी घालायला जागाच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला.

सीडी उघडली की आत चार-पाच फोल्डर दिसतात. चित्रफीत असते ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरमध्ये आणि फाइलच्या नावाच्या शेवटी असते ‘डॅट’. डॅट म्हणजे नुसती ‘माहिती’. त्यामुळे ही कशाने उघडायची, असे संगणकच आपल्याला विचारतो. आत असते ती एमपेग-१ पद्धतीने लहान केलेली चित्रफीत. एमपेग हा तज्ज्ञांचा गट १९८८ साली स्थापन झाला आणि त्याची ही पद्धत १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

लहान कशाला करायची, हे मुलांनी विचारलेच. हिशेब करून पाहा. व्हीसीडीवरचे एक चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे ७६ लाख बाइट होतात. सगळी सीडी दोन मिनिटांच्या आत भरेल! म्हणून एमपेग एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या काही चित्रांत मुख्यतः बदललेला भाग नोंदवते. रंगमंचाचा पडदा तोच, हलतात ती मुले. मग पडदा दर वेळी पुन्हा कशाला लिहायचा? अशा युक्त्यांनी ७४ मिनिटांचा कार्यक्रम एका सीडीत मावतो.

उघडणे मात्र सोपे आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला व्हीएलसी प्लेअर फुकट मिळतो. त्यात फाइल ओढून सोडली की झाले. नावातले ‘डॅट’ बदलून ‘एमपीजी’ केले तरी अनेक प्लेअर ती चालवतात. पण ‘एमपी४’ असे नाव दिल्याने ती एमपी४ होत नाही. डब्यावर ‘साखर’ लिहिले म्हणून आतले तिखट गोड होते का? मोबाइलसाठी आम्ही रीतसर रूपांतर करून घेतले. त्यात चित्र थोडे झिजते, म्हणून मूळ फाइलीही दोन ठिकाणी जपून ठेवल्या.

नऊ सीडी लगेच चालल्या. दोनांवर ओरखडे होते. चित्रफितीला जास्त जागा मिळावी म्हणून व्हीसीडीत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती वगळलेली असते, त्यामुळे ओरखडा तिला फार बाधतो. एक सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसल्यावर चालली. तीत आमच्या दिवंगत संगीताच्या बाई पेटीवर सूर देत, “मोठ्याने म्हणा रे, मागच्या रांगेत ऐकू गेले पाहिजे,” असे सांगताना ऐकू येतात. शाळेकडे त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद नाही.

दुसरी, २००४ सालची, बाराव्या मिनिटापुढे सरकलीच नाही. पुढे त्या वर्षीचे बालनाट्य होते. त्या सीडीची प्रत कोणा पालकांकडे वा माजी विद्यार्थ्यांकडे असल्यास कृपया कार्यालयात आणून द्यावी. उतरवून घेऊन ती आम्ही जशीच्या तशी परत करू.