आधी कानस, मग स्क्रू

जळकोटच्या शिवारात बांधावरचं झाड म्हटलं की बाभूळ डोळ्यांपुढे येते. वखर, तिफण, बैलगाडीचं चाक या सगळ्यांना हेच लाकूड लागायचं, कारण ते कठीण आणि चिवट. पूर्वी दोघं मिळून ते करवतीने कापत. आता गावोगाव पेट्रोलवरच्या चेनसॉ आल्या आहेत. बाभळीचा जून बुंधा कापताना मशीनची खरी परीक्षा होते. मी घराच्या पडवीत या मशीन दुरुस्त करतो, जुळवतो, गरज पडली तर त्यांत बदलही करतो. माझ्याकडे येणाऱ्यांची मागणी बहुतेक एकच असते : "दादा, मशीन ओढत नाही. सायलेन्सर मोकळा करून द्या."

मी आधी साखळी बघतो. लाकडातून भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर दोष इंजिनात नाही, दातांत आहे. धारदार दात लाकडाचे जाड तुकडे काढतो आणि मशीन आपल्या वजनानेच आत उतरते. धारेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे माती. बुंधा जमिनीलगत कापताना साखळी एकदा काळ्या मातीला घासली की पुढचं सगळं काम हाताच्या जोरावर करावं लागतं.

या दातामागे एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एक अळी निरखली. ती डावीकडे, उजवीकडे, दोन्ही बाजूंनी कुरतडत पुढे जात होती. त्यावरून त्याने आळीपाळीने डावे-उजवे दात असलेली साखळी बनवली आणि १९४७ साली ती बाजारात आणली. आजच्या साखळीचा दात त्याच घराण्यातला. पेट्रोलची मशीन त्याच्या आधीपासून होती, पण तिचं काम सोपं केलं ते या दाताने. म्हणून माझ्या पेटीत कानस सगळ्यात वर असते. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ती साधारण ३० अंशांत धरायची, आतून बाहेर एकाच दिशेने फिरवायची आणि सगळे दात सारख्या लांबीचे ठेवायचे. एका बाजूचे दात आखूड झाले की काप तिरका जातो. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो फार घासला तर दात अधाशासारखा लाकडात घुसतो आणि मशीन अंगावर उसळते.

दुसरं काम इंधनाचं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५:१ म्हणजे ४०. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेच प्रमाण धरावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९. म्हणजे कार्बोरेटरची जुनी जुळणी तशीच ठेवली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्याला कडक करतं. काम संपलं की टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल मशीन चालू ठेवून जाळून टाकावं.

मग कार्बोरेटरचे स्क्रू. एल स्क्रू मंद गतीचा, एच पूर्ण गतीचा आणि तिसरा नुसत्या आयडलिंगचा. एल किंवा एच आवळला की पेट्रोल कमी, ढिला केला की जास्त. हवेची जाळी स्वच्छ करून, इंजिन गरम झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा. आयडलिंगला साखळी फिरता कामा नये. पूर्ण गतीला, लाकडाबाहेर, आवाज किंचित फुटका, भरभरल्यासारखा यावा आणि बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, लाकडात गेला की तो स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरच कर्कश, बारीक किंकाळी येत असेल तर पेट्रोल कमी आहे. अशी मशीन जोमदार वाटते, पण पेट्रोलबरोबर तेलही कमी जातं आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. मेच्या दुपारी विरळ हवेत केलेल्या जुळणीत जानेवारीच्या थंड सकाळी दाट हवेत पेट्रोल अपुरं पडतं, म्हणून ऋतू बदलला की कान पुन्हा लावावा. आयडलिंग आपोआप वर-खाली होत असेल तर स्क्रू सोडून द्यावा. सील किंवा रबरी नळी फाटून मशीन हवा खाते आहे, ते आधी शोधावं.

हे सगळं जमल्यावर बदलांची गोष्ट. मला सगळ्यात उपयोगी वाटणारा बदल साधा आहे : ५८ सीसीच्या मशीनला २२ इंची बार असेल तर १८ इंची बार आणि त्याच मापाची साखळी लावणे. ओढायचा भार कमी होतो आणि बाभळीत फरक लगेच जाणवतो. सायलेन्सरचं तोंड वाढवलं की जळका वायू लवकर निघतो, ताकद वाढते, पण त्याबरोबर एच स्क्रू ढिला करावाच लागतो. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल आणि तो पुरेसा फिरत नसेल, तर सायलेन्सरला हात लावू नये. सिलिंडरखालचं गॅस्केट काढून दाब वाढवणारेही आहेत. त्यांनी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून पिस्टन फिरवावा आणि चपटी झालेली तार मोजावी. जागा ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर पिस्टन वर आदळू शकतो.

सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी मात्र मी कुणालाही काढून देत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात बांधावरचं गवत वाळून कोरडंठाक होतं, एक ठिणगी पुरते. साखळीचा ब्रेकही मी कधी निकामी करत नाही. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानावर संरक्षण हवंच. आणि आंबा, चिंच, साग यांसारखी झाडं तोडायला १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, ती मशीन सुरू करण्याआधी हातात असावी.

माझं मत स्पष्ट आहे. मशीन ओढत नाही असं वाटलं की पाना उचलण्याआधी कानस घ्या, हवेची जाळी धुवा, ताजं पेट्रोल मोजून मिसळा. बहुतेक मशीनना त्यापुढे काही लागतच नाही.