कुणीही जिंकेल म्हणे

असोसिएटेड प्रेसच्या कॉलेज बास्केटबॉलच्या २०२५-२६च्या मोसमपूर्व यादीत पर्ड्यूचा पुरुष संघ पहिला आला. विद्यापीठाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. ही बातमी मी ऑफिसात जरा वरच्या पट्टीतच सांगितली, तर केंटकीचा झेंडा टेबलावर लावून बसणारा आमचा सहकारी मानसुद्धा न वळवता म्हणाला, "यंदा काय, दहा-बारा संघ जिंकू शकतात." हे वाक्य मला खुपलं. एक तर तो ते दर वर्षी म्हणतो. टीव्हीवरचे पंडितही म्हणतात. आणि आपण यादीत वर असतो नेमकं त्याच वर्षी यादीला काही अर्थ नसल्याचं ऐकून घ्यावं लागतं, यात मला शुद्ध मत्सर दिसतो. तरी म्हटलं, रागावण्याआधी हे दहा-बारा दावेदार येतात कुठून ते तरी बघू.

सगळ्यात आधी येतात ते गणितातून. मार्चमधल्या स्पर्धेत ६८ संघ असतात आणि एक हार झाली की घरी. विजेत्याला तीन आठवड्यांत ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. समजा, एखादा संघ इतका जबरदस्त आहे की समोर कुणीही आलं तरी शंभरातले ऐंशी सामने तोच जिंकेल. असे संघ फार नसतात. पण त्यानेसुद्धा सहाही सामने जिंकण्याची शक्यता फक्त २६ टक्के निघते. उरलेले ७४ टक्के इतरांत वाटले जातात आणि ज्याच्या वाट्याला पाच-सहा टक्के येतात तो दावेदार म्हणून मिरवतो. म्हणजे देशातला सर्वोत्तम संघ निर्विवाद असला, तरी दावेदारांची रांग लांबच दिसणार. सहकारी बरोबर आहे, पण फुकटात बरोबर आहे.

पूर्वी ही रांग इतकी लांब नव्हती. जॉन वुडन यांच्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवली, त्यातली १९६७ ते १९७३ ओळीने सात. त्या सात वर्षांत स्पर्धेत जेमतेम २३ ते २५ संघ असत आणि यूसीएलएला चार सामने पुरत. वरचंच गणित चार सामन्यांना लावलं तर २६चे ४१ टक्के होतात. वुडन यांची थोरवी याने कमी होत नाही. ते मूळचे इंडियानाचे, आणि खेळाडू म्हणून पर्ड्यूचेच.

मोसमपूर्व यादीबद्दल मात्र सहकाऱ्याला गुण द्यावे लागतात. पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करून शेवटी करंडकही उचलणारा अखेरचा संघ २००९चा नॉर्थ कॅरोलायना. तोच नॉर्थ कॅरोलायना २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा पहिला होता आणि मार्चमध्ये ६८ संघांतसुद्धा बसला नाही. २०२४-२५च्या मोसमाला कॅन्ससने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि स्पर्धेतला पहिलाच सामना गमावला.

पण "कुणीही" म्हणजे खरोखर कुणीही नव्हे. मुख्य स्पर्धा ६४ संघांची, म्हणजे चार गटांत प्रत्येकी पहिलं ते सोळावं अशा मानांकनांची, झाली १९८५ साली. तेव्हापासून २०२५पर्यंत चाळीस स्पर्धा झाल्या, २०२०ची कोविडमुळे रद्द झाली. या चाळीसपैकी सव्वीस वेळा चार अव्वल मानांकितांपैकीच कुणीतरी जिंकलं. पाचवं मानांकन असलेला संघ आजवर एकदाही जिंकलेला नाही. सगळ्यात तळातून आलेला विजेता १९८५चा विलानोव्हा, आठव्या मानांकनाचा. तेव्हा ऑक्टोबरात पत्रकारांनी काढलेला पहिला क्रमांक फारसा खरा नसतो, पण मार्चमध्ये समितीने निवडलेले पहिले चार बऱ्यापैकी खरे असतात. दहा-बारा नावं घेणारा माणूस हुशार दिसतो, एवढंच.

हा खेळ मला कळायला लागला तो पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकामुळे, असं मी इथल्या मित्रमैत्रिणींना सांगत आले आहे आणि त्यांना अर्थातच काही कळत नाही. तुम्हाला कळेल. दोन्हीकडे कॉलेजची मुलं, एकोणीस-वीस-बावीस वर्षांची. तिथे एका तासात एकांकिका, इथे चाळीस मिनिटांचा सामना. तिथे भरत नाट्य मंदिरात "आवाज कुणाचा" म्हणत छत डोक्यावर घेणारी पोरं, इथे बँड घेऊन आलेली आणि तोंडं रंगवलेली. महिनाभराच्या तालमीत जो हुकमी होता तोच त्या तासाला एक वाक्य गाळतो आणि वर्षभर बास्केटमागून बास्केट टाकणारा तेवढ्याच चाळीस मिनिटांत गारठतो. चांगली टीम जमते तोवर निम्मे जण पदवी घेऊन निघून जातात. आणि दोन्हीकडे पन्नाशीतली माणसं आपल्या वर्षाबद्दल अजूनही भांडतात. २०१० साली अंतिम सामना मी राहते त्याच शहरात, इंडियानापोलिसमध्ये झाला. इथल्याच बटलरचा गॉर्डन हेवर्ड याने मैदानाच्या मध्यावरून फेकलेला शेवटचा चेंडू बोर्डाला आणि रिंगला लागून बाहेर आला, आणि ड्यूक ६१-५९ असं जिंकलं. तो चेंडू चार बोटं अलीकडे पडायला हवा होता, हे सांगणारा माणूस इथे अजून कुठल्याही सलूनमध्ये भेटतो.

फरक आहे तो परीक्षकांचा. २०२२ साली पुण्यातल्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायक नाही असं ठरवून करंडकच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! बास्केटबॉलमध्ये ही सोय नाही. वर्ष कितीही पडेल असो, एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या सोमवारी कुणाला तरी जाळी कापून गळ्यात घालावीच लागते. म्हणून "दावेदार पुष्कळ आहेत" हे ऐकलं की मी आधी विचारते, बारा संघ उत्तम आहेत, की बाराही मध्यम? यादीवरून हे कळत नाही. बारा एकांकिकांना सारखे गुण पडले एवढ्याने नाट्यवर्ष चांगलं ठरत नाही.

२०२३ आणि २०२५ शेजारी ठेवले की हे दिसतं. २०२३च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, चौथं, पाचवं, पाचवं आणि नववं मानांकन असलेले संघ होते. पहिल्या तीन मानांकनांपैकी एकही नाही, असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. २०२५ला चारही अव्वल मानांकित पोचले: फ्लोरिडा, ड्यूक, ह्यूस्टन, ऑबर्न. असं त्याआधी एकदाच, २००८ साली झालं होतं. अंतिम सामना फ्लोरिडाने ह्यूस्टनविरुद्ध ६५-६३ असा जिंकला. दोन्ही वर्षी पंडित एकच वाक्य म्हणत होते.

आता मार्चमध्ये ज्यांना ऑफिसच्या पैजेच्या पूलसाठी ब्रॅकेट, म्हणजे सगळ्या सामन्यांच्या अंदाजांचा तक्ता, भरावा लागतो, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रविवारी संध्याकाळी गटवारी जाहीर होते आणि गुरुवारी दुपारपर्यंत भरून द्यायचं असतं. बहुतेक देशी माणसं पहिल्या फेरीपासून भरत जातात आणि तिथेच दमतात. उलटं भरा. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फेरीला गुण दुप्पट होतात: पहिल्या फेरीत सामन्यामागे एक आणि अंतिम सामन्याला बत्तीस. पहिल्या फेरीचे सामनेही बत्तीसच. म्हणजे एकटा विजेता बरोबर आला, तर तो अख्ख्या पहिल्या फेरीइतका. तेव्हा आधी विजेता ठरवा, मग शेवटचे चार, आणि मग खाली या.

खाली आल्यावर पहिलं विरुद्ध सोळावं मानांकन यावर एक सेकंदही घालवू नका. १६० सामन्यांत अव्वल संघ दोनदाच हरला: २०१८ साली व्हर्जिनिया, आणि २०२३ साली एक संघ, ज्याचं नाव मी इथे घेणार नाही. दुसरं विरुद्ध पंधरावं यात अकरा वेळा धक्का बसलाय. पण तो कुठे बसेल हे कळायचं साधन नाही, म्हणून सोडून द्या. आठवं विरुद्ध नववं म्हणजे नाणेफेक. पाचवं विरुद्ध बारावं यात साधारण तीनातला एक सामना उलटतो. तेव्हा चारपैकी एक बारावा संघ निवडा, दोन निवडून शहाणपणा करू नका. सगळा ब्रॅकेट अचूक येण्याची स्वप्नं पाहू नका. ६३ सामन्यांच्या निकालांच्या शक्यता मोजल्या तर एकोणीस आकडी संख्या येते.

शेवटचं आणि महत्त्वाचं: पूल लहान असेल तर विजेता म्हणून अव्वल संघ घ्या, मोठा असेल तर असा अव्वल संघ घ्या जो इतरांनी घेतलेला नाही. इंडियानापोलिसच्या ऑफिसांत अर्धे लोक पर्ड्यू किंवा इंडियाना लिहिणार. म्हणजे पर्ड्यू जिंकलं तरी बक्षीस दहा जणांत वाटलं जाणार. डोकं सांगतं, ह्यूस्टन लिहा. पण २०२५च्या मार्चमध्ये याच शहरात, आमच्याच प्रेक्षकांसमोर, पर्ड्यूला शेवटच्या सेकंदाला ६२-६० असं हरवणाऱ्या संघाचं नाव माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. दहा डॉलर गेले तरी चालतील.

तर दावेदार वाढले आहेत का? वरच्या थरात नक्कीच, आणि त्याचं कारण गणिताबाहेरचं आहे. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्याच वर्षापासून कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती सैलावली आणि आता ती उरलेलीच नाही. २०२५च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी, २०२५-२६ला, सगळ्या खेळांना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. प्रशिक्षकांना लाखो डॉलर आणि पोरांना नुसती शिष्यवृत्ती, हा जुना प्रकार मला कधी पटला नव्हता. मुलांना पैसे मिळाले, उत्तम झालं.

पण विजेत्या फ्लोरिडाचे तीन मुख्य गार्ड बघा. वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमॉन्टहून आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, म्हणजे २०२३च्या त्या नवव्या मानांकित संघातूनच. क्लेटनने आयोना सोडलं त्याच सुमाराला तिथले प्रशिक्षक रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले. त्यांची रिकामी जागा भरली टोबिन अँडरसन यांनी, ज्यांच्या फेअरली डिकिन्सनने काही दिवसांपूर्वीच तो वर नाव न घेतलेला संघ हरवला होता. काही आठवड्यांत हे तिघे एकेक पायरी वर सरकले. पायरीच्या तळाशी कोण उरलं, ते २०२५ला दिसलं. शेवटच्या सोळांत एकही छोट्या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या साखळी गटाचा) संघ नव्हता, सोळाच्या सोळा चार बड्या कॉन्फरन्सचे. नगरच्या कॉलेजातला मुलगा प्राथमिक फेरीत चमकला आणि अंतिम फेरीला पुण्याच्या कॉलेजकडून उभा राहिला, तर पुण्याच्या पाच-सहा एकांकिका झकास होतील यात शंका नाही. नगरला मात्र पुढच्या वर्षी कुणी तालमीला यायचं नाही.

आमचं पर्ड्यू यात वेगळं आहे, असं मी ठामपणे म्हणते. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघे इंडियानातल्याच शाळांतून आले आणि शेवटच्या वर्षापर्यंत इथेच टिकले. हो, २०२५-२६चा सेंटर ऑस्कर क्लफ साउथ डकोटा स्टेटहून आणलाय. पण उंच माणूस कुणाला नको असतो?

२०२६च्या एप्रिलमध्ये फायनल फोर आमच्याच शहरात, लुकास ऑइल स्टेडियममध्ये आहे, आणि तिकिटांबद्दल मला आत्तापासून विचारणा होतेय. माझं स्पष्ट मत असं की ते फुटबॉलचं स्टेडियम आहे. वरच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढे दिसतात आणि माणसं पडद्याकडेच बघतात. त्यापेक्षा मार्चमध्ये डेटनला जा. आय-७०ने पूर्वेला दोन तासांच्या आत पोचता. तिथे मंगळवारी आणि बुधवारी, मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधी, शेवटच्या जागांसाठी सामने होतात. त्यातले दोन छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांमध्ये, सोळाव्या मानांकनासाठी. २०२३चा फेअरली डिकिन्सन तिथूनच पुढे गेला होता. अंगण छोटं, आवाज मोठा आणि मुलं जिवाच्या आकांताने खेळतात. कुणाचा हात चांगला आहे ते नीट पाहून ठेवा. पुढच्या नोव्हेंबरात तोच मुलगा दहा-बारा दावेदारांपैकी कुणाच्या तरी जर्सीत दिसेल आणि टीव्हीवाले सांगतील की यंदा स्पर्धा फार चुरशीची आहे.