कवडी

सोलापूरहून तुळजापूरला एसटीने तासाभराचा रस्ता. २०११च्या श्रावणात तो तासभर मी मांडीवरची हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी सांभाळत बसलो होतो. पिशवीत तीन गोल्डफिश होते. त्यांतली एक पांढरी, पाठीवर पिवळसर झाक, पोट टपोरं. घरी पिशवी उजेडात धरली तसं आई म्हणाली, "ही तर कवडीच की रं!" आमच्या गावात देवळाकडे जाताना दुकानादुकानांत कवड्यांच्या माळा लोंबत असतात. त्यातलाच एक मणी पाण्यात निसटावा तशी ती दिसत होती. तेच नाव पडलं.

टाकी लेकीच्या हट्टापायी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी सत्तर लिटर. काच आणि गोटे धरून क्विंटलच्या आसपास वजन होणार, म्हणून लोखंडी स्टँड करून घेतला आणि काचेखाली थर्माकोल घातलं. एवढं सगळं नीट जमलं, चुकलं ते पाण्यात. नळाचं पाणी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडले. चौथ्या दिवशी पाणी गढूळ दिसलं म्हणून सगळं उपसलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला. सहाव्या दिवशी दोन मासे उताणे तरंगत होते. विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. लेक दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही.

नात्यातले एक प्राणिशास्त्राचे मास्तर आले, तेव्हा मला माझी चूक कळली. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि मासा स्वतःच्याच अमोनियाने गुदमरतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र माशाला बरंच सोसतं. हे जीवाणू स्पंजमध्ये, गोट्यांवर हळूहळू वसतात. नव्या टाकीत त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. मी स्पंज धुतला तेव्हा जी काही वस्ती सुरू झाली होती तीही नळातल्या क्लोरीनने मारून टाकली. त्यानंतर आमच्या घरात एक रीत पडली. आदल्या रात्री बादली उघडी भरून ठेवायची, आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. कवडी त्या पहिल्या महिन्यातून कशी तगली, मला आजही नवल वाटतं.

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो सदाच भुकेला दिसतो आणि द्याल तेवढं खातो. पाहुणा आला की चुरमुऱ्यांची मूठ टाकीकडे वळायची आणि आई त्याचा हात धरायची. माशाची आठवण क्षणभरच टिकते असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. कवडी खाण्याच्या स्टीलच्या डबीचा आवाज ओळखायची. दुसरी कुठली डबी वाजवली तर जागची हलायची नाही.

आवाज तिला फारच कळायचा. कार्प कुळातल्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला थरकाप त्या वाटेने कानाला पोचतो. नवरात्रात गल्लीत संबळ कडाडला की ती गोट्यांमागे जाऊन बसायची. तेवढे दिवस आम्ही टाकीच्या तीन बाजूंना गोधडी लावायचो. कोजागरीला सोलापूरहून चालत आलेले लोक आमच्या ओसरीवर टेकायचे. पायाला फोड आलेल्या बायका पाणी पिता पिता टाकीसमोर बसून राहायच्या. त्यांना पाहून कवडी काचेशी यायची.

रात्री मी दिवा चालू ठेवायचो, ते आईला सहन व्हायचं नाही. "देवीलासुदिक निद्रा असती, त्या मुक्या जिवाला का रं जागवतुस?" तिचं बरोबर होतं. माशाला पापण्या नसतात, उजेड त्याला मिटता येत नाही. अंधार झाला की कवडी तळाशी स्थिर व्हायची, तिचा पिवळा रंगही उतरायचा.

उन्हाळ्यात वीज गेली की एअर पंप बंद पडायचा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. कवडी वर येऊन तोंड उघडझाप करायची. मग टाकीतलंच पाणी तांब्याने घेऊन हातभर उंचीवरून परत ओतायचं, वीज येईपर्यंत. आई, मी, लेक, पाळीपाळीने.

२०१६चा उन्हाळा मराठवाड्यातला कुणी विसरणार नाही. १२ एप्रिलला मिरजेची पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकरला घागरी लागायच्या. मासा ठेवणं हा माज आहे, असं मला एका शेजाऱ्याने तोंडावर सांगितलं आणि मी गप्प राहिलो, कारण मलाही तसं वाटू लागलं होतं. आई मात्र म्हणाली, "माझ्या आंघोळीतली बादली तिची." ती ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची. टाकीतून निघालेलं पाणी दारच्या जास्वंदीला जायचं. माशाच्या पाण्यातलं नायट्रेट म्हणजे झाडाचं खतच. त्या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत फुलं होती ती त्या एका झाडाला, आणि रोज एक फूल देवीला जायचं. त्या शेजाऱ्याच्या बायकोनेही ते नेलं आहे.

इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशने ४३ वर्षं काढली होती. तो १९९९ साली गेला. कवडीला साडेसातच मिळाली. २०१९च्या पौषात तिचं पोट फुगलं, खवले उभे राहिले; आतले अवयव निकामी झाले की असं होतं. मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, उपयोग झाला नाही. शाकंभरी नवरात्राआधी देवी पलंगावर निजलेली असते, त्या दिवसांत ती गेली. आई म्हणाली, "निद्रेतच गेली बाई." जास्वंदीच्या मुळाशी लेकीने तिला पुरलं.

जत्रेत, दुकानात काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश मिळतो. त्या भांड्यात फिल्टर बसत नाही आणि चार लिटर पाणी दोन दिवसांत विष होतं. तो घेऊ नका. मासा आणायचाच असेल तर आधी मोठी टाकी भरा, फिल्टर चालू करा, अमोनियाचे चार थेंब किंवा चिमूटभर खाणं टाकत राहून महिना-दीड महिना जीवाणूंना वसू द्या, आणि मग दुकानात जा.